पहिली दहा मिनिटं हवा

मंजिरी पोतनीस बेलसांगवीच्या पाथरवट गल्लीत शिरली तेव्हा तिला कोणी पाणी विचारलं नाही.

वर्षभरापूर्वी याच गल्लीत नळ सहा दिवसांतून एकदा यायचा, तरी ती कुठल्याही ओट्यावर टेकली की हातात तांब्या यायचा. आज तसं काही झालं नाही. ती जवळ आली की पाटे-वरवंटे घडवणाऱ्यांच्या छिन्न्या थांबत होत्या आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू होत होत्या. एका बाईने तिच्याकडे बघत दारातली घागर उचलून आत नेली.

रंगनाथ धोत्रेचं घर चढावर, गल्लीच्या वरच्या टोकाला होतं. त्याच्या दारावर डांबराने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘गल्ली विकणारा’. रंगनाथ दारालाच पाठ लावून बसला होता. तो नगरपालिकेचा चावीवाला. गावातले अठ्ठेचाळीस व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीने उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं तेवीस वर्षांचं काम. कोणाच्या नळाला कधी आणि किती वेळ पाणी, हे कागदावर अभियंता ठरवत असे. प्रत्यक्षात ते रंगनाथच्या मनगटावर असायचं.

“आलाव?” तो म्हणाला. “बसा म्हणणार न्हाई.”

“उभीच राहते, रंगनाथभाऊ.”

“भाऊ म्हणू नका. भाऊ म्हणून म्हणूनच साठ तास बोलवून घेतलं तुम्ही माझ्याकडून.” तो उठलाही नाही. “एकच विचारायचंय. हो का न्हाई, तेवढं सांगा. गेल्या महिन्यात पालिकेच्या सभेत माझ्या आवाजात एक वाक्य वाजवलं. ‘पाथरवट गल्लीत कमी करा, तिथं कोणी ओरडत न्हाई.’ हे मी बोललो होतो का?”

“तुम्ही नाही. तुमचं प्रतिरूप बोललं.”

“ते प्रतिरूप काय आभाळातून पडलं?”

मंजिरीने दारावरच्या अक्षरांकडे पाहिलं.

“त्या वाक्यावर गल्लीचं पाणी कमी केलं. इंदरबाईची सून पाण्यासाठी खदानीत उतरली, घसरली. खुब्याचं हाड मोडलं तिचं. दगड फोडणारी बाई हाय ती. आता कुशीवरसुद्धा वळता येत न्हाई. सगळी गल्ली म्हणती, रंगनाथनं केलं. माझी बायको दुसऱ्या गल्लीत जाऊन दळण आणती. मला सांगा मॅडम, मी जर खरंच असं बोललो असन, तर ह्या दारावरचं डांबर मी पुसणार न्हाई. पण बोललो का, ते मलाच ठावं न्हाई. साठ तासांत माणूस काय काय बोलतो.”

“मी उद्या सांगते,” मंजिरी म्हणाली. “रेकॉर्डिंग ऐकून सांगते.”

“म्हणजे मी काय बोललो ते तुम्ही मला सांगणार,” रंगनाथ म्हणाला आणि आत निघून गेला.

मंजिरीचा धंदाच प्रश्न विचारण्याचा होता. एखादं यंत्र किंवा प्रणाली बनवण्याआधी ती ज्याच्या हातात जाणार त्या माणसाकडे जाऊन बसायचं, त्याचं काम बघायचं, तो काय सांगतो ते टिपायचं आणि काय सांगायचं टाळतो तेही टिपायचं. पुण्यातल्या कंपनीने तिला बेलसांगवीला पाठवलं ते पाणीवाटपाच्या नव्या प्रणालीसाठी. तीन महिने ती रंगनाथच्या मागे व्हॉल्व्हच्या खड्ड्याखड्ड्यांतून हिंडली होती. त्याची चावी किती आटे फिरते हे तिने मोजलं होतं, आणि दुपारी त्याच्या बायकोच्या हातची भाकरीही खाल्ली होती.

असलं काम हळू चालतं आणि महाग पडतं. म्हणून कंपनीने प्रतिरूपं बनवायला घेतली. एका माणसाची पन्नास-साठ तासांची मुलाखत घ्यायची, त्यातले शब्द, थांबे, टाळाटाळ, शिव्या असं सगळं भाषेच्या एका प्रचंड प्रारूपात भरायचं. मग ते प्रारूप त्या माणसासारखं, त्याच्याच आवाजात उत्तरं देऊ लागतं. त्याला कधीच न विचारलेल्या प्रश्नांचीसुद्धा. प्रतिरूप किती खरं, हे तपासायची पद्धतही पटण्यासारखी होती. खऱ्या माणसाला शंभर प्रश्न विचारायचे आणि पंधरा दिवसांनी तेच पुन्हा विचारायचे. माणूस स्वतःशीसुद्धा पुरता जुळत नाही. रंगनाथची ऐंशी उत्तरं तीच आली होती, वीस बदलली होती. त्याच्या प्रतिरूपाची उत्तरं त्याच्याशी अठ्ठ्याहत्तर ठिकाणी जुळली. “म्हणजे फरक फक्त दोनाचा,” मंजिरीचा वरिष्ठ निखिलेश बर्वे म्हणाला होता. “आणि हा दमत नाही, रजा घेत नाही, चहा मागत नाही.”

पुढे नियमही बदलला. पाणीवाटपात फेरफार करण्याआधी त्या भागातल्या आणि त्या कामातल्या माणसांचं म्हणणं ऐकणं पालिकेला बंधनकारक होतं. त्यात दुरुस्ती आली : प्रमाणित प्रतिरूपाचं म्हणणं हे त्या माणसाचंच म्हणणं धरावं. त्या दिवसापासून बेलसांगवीचे पाणीपुरवठा अभियंता शिंगारे यांनी रंगनाथला काही विचारणं बंद केलं. खरं तर ते आधीही फारसं विचारत नव्हते.

त्या दुपारी मंजिरीने बसस्थानकासमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली आणि प्रतिरूपाची नोंदवही उघडली. शिंगारेंचा प्रश्न तिथे होता : ‘तलावात साठा कमी आहे. कुठल्या भागाची वेळ कमी केली तर तक्रारी येणार नाहीत?’ उत्तर सभेत वाजवलेलंच होतं. प्रत्येक उत्तराखाली ते मुलाखतीतल्या कुठल्या वाक्यावर उभं आहे याचा दाखला मिळायचा. तिने तो उघडला.

वाक्य खरं होतं. ‘पाथरवट गल्लीत कोणी ओरडत न्हाई मॅडम.’ बेचाळिसावा तास, व्हॉल्व्ह क्रमांक एकोणीसच्या खड्ड्याशेजारी. आणि त्या वाक्यानंतर एक करडी पट्टी : ‘संशोधकाने वगळले, चाळीस सेकंद. कारण : व्यक्तीस अपाय होण्याची शक्यता. म. पो.’

तिची स्वतःची आद्याक्षरं.

मूळ ध्वनिफीत तिच्याकडे होती. तिने कानांत इअरफोन घातले. रंगनाथ हसत बोलत होता.

‘...कशाला ओरडतील? मी तिथं धा मिनिटं जास्त सोडतो. चार वर्सं झाली असतील. कागदावर पन्नास, मी साठ सोडतो. गल्ली उंचावर, पाइपाच्या पार शेवटाला. सहा दिवस पाइप रिकामा ऱ्हातो, त्यात हवा भरती. व्हॉल्व्ह उघडला की पहिली धा मिनिटं नळातून नुसती फुसफुस. हवा गेल्याबिगर पाणी येत न्हाई. ती धा मिनिटं त्यांची न्हाईत, हवेची हायत. म्हणून मी भरून देतो. हे लिहू नका हां. साहेबाला कळलं तर घरी बसवंल.’

मग तिचा स्वतःचा आवाज : ‘नाही लिहीत, रंगनाथभाऊ. शब्द.’

तिने शब्द पाळला होता. त्याच्या नोकरीवर गदा येऊ नये म्हणून चाळीस सेकंद कापले होते. पण ते पहिलं वाक्य का ठेवलं? तेही तिला आठवलं. वाक्य सुंदर होतं. अहवालातल्या एका पानाचं शीर्षक म्हणून तिने ते वापरलं होतं, आणि सादरीकरणात निखिलेशने त्यावर बोट ठेवून ‘हे झकास आहे’ असं म्हटलं होतं.

आता झालेला हिशेब तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. नव्या प्रणालीत रंगनाथच्या चावीलाच घड्याळ बसवलं होतं. ठरल्या मिनिटाला व्हॉल्व्ह बंद झाला नाही की कार्यालयात नोंद व्हायची. त्यामुळे त्याची दहा मिनिटं पहिल्याच आठवड्यात संपली. मग पन्नासाची पस्तीस झाली. त्यातली दहा हवेची. उरलेल्या पंचवीस मिनिटांत शंभर घरं. आणि ही फुसफुस यंत्राला कळणं शक्य नव्हतं, कारण ती तिने कापून टाकली होती.

तिने कापलेले चाळीस सेकंद प्रतिरूपात परत घातले आणि शिंगारेंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

“टीचर कॉलनीत कमी करा साहेब,” प्रतिरूप रंगनाथच्या आवाजात म्हणालं. “तिथं घरोघरी टाक्या हायत. पाथरवट गल्लीत उलट वाढवा.”

तिने ‘दुरुस्ती जतन करा’ वर बोट दाबलं आणि निखिलेशला फोन लावला.

“काय केलंस?” तो ओरडला. “वगळलेला भाग परत घातलास? त्याच्या परवानगीशिवाय?”

“निर्णय चुकीच्या उत्तरावर झालाय, निखिलेश. एका बाईचं हाड मोडलंय.”

“उत्तर चुकीचं नव्हतं. दिलेल्या माहितीवर बरोबर होतं. माहिती तू दिलीस. कापलीस तू, सही तुझी. आमच्यावर ढकलू नकोस.”

“मुळात हे उत्तर त्याने मला दिलं होतं. शिंगारेंना त्याने असं कधीच सांगितलं नसतं. त्यांनी विचारलं असतं तर म्हणाला असता, कुठंही कमी करा साहेब, सगळीकडे बोंब होईल. माणूस समोर कोण आहे ते बघून बोलतो. प्रतिरूपाला समोर कोण बसलंय तेच कळत नाही. ते माझ्यापाशी बोलावं तसं सगळ्यांपाशी बोलतं.”

“हे तुझ्या राजीनाम्यात लिही,” निखिलेश म्हणाला. “सोमवारी हवाय मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रंगनाथच्या ओट्याखाली उभं राहून सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याची बायको मुक्ता दाराआड उभी होती.

“लिहू नका म्हणालो होतो मी,” शेवटी रंगनाथ म्हणाला.

“हो. म्हणूनच...”

“मग अख्खं काढायचं होतं. मुंडकं ठेवलं आन् धड फेकलं तुम्ही.”

“तुमची नोकरी वाचावी म्हणून केलं.”

“मुंडकं कशासाठी ठेवलं?”

मंजिरीला खोटं बोलता आलं असतं. “वाक्य चांगलं होतं म्हणून,” ती म्हणाली.

आतून मुक्ता पहिल्यांदाच बोलली. “माझ्या घरात बसून भाकरी खाल्ली हिनं.” ती मंजिरीशी बोलत नव्हती, नवऱ्याला सांगत होती.

रंगनाथ उठला. “चार वाजता मारुतीच्या पाराशी या. सगळी गल्ली बोलावतो. आत्ता जे मला सांगितलं ते त्यांना सांगा.”

“ध्वनिफीत वाजवली तर ती कार्यालयात पोचेल. तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ द्या असं म्हणत न्हाई मी. पण मला ह्या गल्लीत मरायचंय. कार्यालयात न्हाई.”

चार वाजता पाराभोवती साठ-सत्तर माणसं होती. मंजिरीने आयुष्यभर माणसांना बोलतं केलं होतं; इतक्या माणसांसमोर स्वतः उत्तर द्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती काय काम करते, प्रतिरूप कसं बनतं, तिने काय कापलं, हे सगळं तिने सांगितलं. मधूनच एक माणूस ओरडला, “इंग्रजी शाळेतल्यासारखं नका सांगू. कोणी केलं ते सांगा.”

“मी केलं,” ती म्हणाली आणि फीत वाजवली.

रंगनाथचा हसरा आवाज पारावर घुमला. फुसफुशीचं ऐकल्यावर एकदोघांनी माना हलवल्या. ‘ती धा मिनिटं त्यांची न्हाईत, हवेची हायत,’ या वाक्याला एक म्हातारा म्हणाला, “खरं हाय हे.” फीत संपली. मंजिरीला वाटलं, आता कोणीतरी रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवेल.

इंदरबाई पुढे आली. साठीची, काटक, हाताला दगडाची भुकटी. तिने मंजिरीकडे पाहिलंही नाही. ती रंगनाथसमोर जाऊन उभी राहिली.

“म्हणजे तुला ठावं होतं, नळाला हवा येती ते.”

“हो, इंदरबाई.”

“आन् तू गपचूप धा मिनिटं सोडत होतास. आमाला सांगितलं न्हाईस.”

“सांगितलं असतं तर बोभाटा झाला असता. धा मिनिटं गेली असती.”

“बोभाटाच व्हायला पायजे होता!” इंदरबाईचा आवाज चढला. “आमी ओरडलो असतो, तर पाइप बदलला असता. मोठा टाकला असता. तुझ्या उपकारानं आमी गप बसलो. आन् मग तूच ह्या बाईला सांगितलंस, तिथं कोणी ओरडत न्हाई म्हणून. आमचं तोंड तू बंद केलंस, रंगनाथ. हिनं तर नुसतं लिहून घेतलं.”

मंजिरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. इंदरबाई तिच्याकडे वळली.

“तू जा आता. तुझं विचारून झालं, आमचं ऐकून झालं.”

मात्र गल्ली त्या दिवसापासून गप्प बसली नाही. दुसऱ्या दिवशी बायकांनी टीचर कॉलनीच्या व्हॉल्व्हचा खड्डा गाठला, त्याचं झाकण लावलं आणि त्यावर बसून राहिल्या. दोन दिवस कॉलनीला पाणी गेलं नाही. कॉलनीतले लोक शिव्या देत आले, पोलिस आले, नगराध्यक्ष आले. तिसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला : पाथरवट गल्लीस साठ मिनिटे, नळातील हवा निघण्याची दहा मिनिटे वेगळी धरावीत, पाइप बदलण्याचा प्रस्ताव पुढील सभेत ठेवावा. त्याच सहीने दुसरा आदेश निघाला. चावीवाला रंगनाथ धोत्रे याने नेमून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त पाणी सोडल्याचा संशय असल्याने त्यास निलंबित करण्यात येत आहे.

चौकशी पंधरा दिवसांनी ठेवली. मंजिरीला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. राजीनामा दिलेला होता, तरी ती पुण्याहून आली. पालिकेच्या सभागृहात लांब टेबलामागे शिंगारे आणि जिल्ह्याहून आलेले एक अधिकारी बसले होते. या बाजूला एका खुर्चीवर रंगनाथ. कोणीतरी त्याला इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता.

आधी मंजिरीला विचारलं. “पारावर वाजवलेली फीत खरी आहे का?”

“मुलाखत गोपनीय होती,” ती म्हणाली. “ती पुरावा म्हणून वापरता येणार नाही. मी त्याबद्दल काहीही सांगणार नाही.” गाडीत तिने हे वाक्य दहादा घोकलं होतं. निदान एवढं तरी ती त्याच्यासाठी करणार होती.

“ठीक आहे,” अधिकारी म्हणाले. “फीत बाजूला ठेवू. धोत्रे, तुम्ही सांगा. जास्त पाणी सोडत होतात का?”

रंगनाथ समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

“उत्तर द्या.”

तीन वेळा विचारलं, तीनही वेळा तो बोलला नाही. मग शिंगारेंनी समोरची, प्रतिरूप असलेली पडद्याची पाटी पुढे ओढली. “साहेब, गरज नाही. प्रमाणित प्रतिरूप आहे. गेल्या महिन्यात अद्ययावतही झालंय.”

अद्ययावत मंजिरीनेच केलं होतं, लॉजच्या खोलीत एका बोटाने. “हे करू नका,” ती उठून म्हणाली. “ते चाळीस सेकंद मी घातलेत. त्याला न विचारता घातलेत.”

“बसा बाई. तुमची साक्ष झाली.” शिंगारेंनी पाटीकडे तोंड करून विचारलं, “पाथरवट गल्लीत नेमल्यापेक्षा जास्त पाणी सोडत होतात का?”

“हो साहेब,” पाटी रंगनाथच्या आवाजात म्हणाली. आवाज मोकळा होता, बेचाळिसाव्या तासाला होता तसाच हसरा. “धा मिनिटं सोडत होतो.”

“किती वर्षांपासून?”

“चार वर्सं झाली असतील.”

लेखनिकाने लिहून घेतलं. रंगनाथ मान वळवून त्या पाटीकडे बघत होता. आरशात आपल्याऐवजी दुसरंच कोणी दिसावं तसा तो एकटक बघत होता. मग तो उठून उभा राहिला.

“खोटं बोलतंय ते,” तो म्हणाला.

शिंगारे हसले. “म्हणजे तुम्ही पाणी सोडत नव्हता?”

“सोडत होतो. चार न्हाई, अकरा वर्सं.” तो सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलला. “आन् एकट्या पाथरवट गल्लीला न्हाई. स्मशानामागच्या वस्तीला सात मिनिटं. दर्ग्याच्या चढाला आठ. जिथं जिथं हवा धरती तिथं. लिहून घ्या. माझं नाव घालून लिहा, त्याचं न्हाई.”

लेखनिकाचा हात थांबला होता. अधिकाऱ्यांनी खूण केल्यावर त्याने आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली.

रंगनाथची नोकरी गेली. चार वर्षांवर दंड करून भागलं असतं, अकरा वर्षांवर बडतर्फीच होती. निकाल तासाभरात लागला. पालिकेने पुढच्या तीन वर्षांसाठी प्रतिरूपाचा करार नव्याने केला. जबाबातल्या सुधारणा त्यात भरून घ्याव्यात, असा शेराही शिंगारेंनी मारला.

मंजिरीने त्याला पालिकेच्या जिन्यात गाठलं. खाली गल्लीतले दोघे त्याच्यासाठी मोटरसायकल घेऊन थांबले होते. इंदरबाई नव्हती.

“रंगनाथराव, मला चार वर्षं का सांगितली होती? तेव्हा तर आपलं...” तिला पुढचा शब्द सापडेना. “तेव्हा तर तुम्ही सगळं सांगत होता मला.”

तो दोन पायऱ्या खाली जाऊन थांबला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण ओळखही नव्हती.

“तुम्ही लिहून घेत होतात,” तो म्हणाला, आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेला.